आबांच्या गाडीतले दोन रिले

गाडीचे दिवे मंद पडले की माणूस आधी बल्बवर चिडतो, मग बॅटरीवर, मग ज्याने ती बॅटरी विकली त्याच्यावर. तारेवर कुणी चिडत नाही, कारण तार दिसत नाही. मी गाड्यांच्या तारा जोडणारा माणूस आहे. आमच्याकडे त्याला कुणी वायरमन म्हणतं, कुणी मिस्तरी. जालना वेगळा जिल्हा झाला त्याच वर्षी मी जालन्यात मंठ्याच्या रस्त्याला पत्र्याचं दुकान टाकलं आणि आजही तिथेच बसतो.

या अंकासाठी लिहायला सांगितलं तेव्हा मी आधी कागदावर मुद्दे काढले. कुठलंही काम हातात घेताना तशी सवयच आहे. स्टार्टर, डायनमो, हॉर्न, वायपर, दिवे. यादी समोर ठेवल्यावर लक्षात आलं की बाकीच्यांवर दोन-दोन ओळी पुरतील. सांगावंसं वाटतं ते दिव्यांचं, आणि दिव्यांतही रिलेचं. म्हणून वरचे चार मुद्दे खोडले.

रिले म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. जुन्या गाड्यांत दिव्याचा सगळा करंट बॅटरीपासून निघून आत डॅशबोर्डवरच्या स्विचपर्यंत यायचा. तिथून खाली पायाजवळच्या डिपरला, आणि तिथून परत पुढे दिव्याला. वाट लांब, तार बारीक, स्विचचे पॉइंट झिजून काळे पडलेले. बॅटरीवर मीटर लावलं तर साडेबारा व्होल्ट दिसायचे आणि तेच मीटर दिव्यावर लावलं तर जेमतेम दहा. मधले वाटेत तार तापवण्यात गेलेले. एवढ्याशा घटीने उजेड निम्म्यावर येतो.

रिले ही आगपेटीपेक्षाही लहान डबी. तिच्यात एक कॉइल आणि कॉइलच्या ओढीने मिटणारा पॉइंट. रिले बसवला की जुना स्विच फक्त त्या कॉइलला इशारा करतो. दिव्याला लागणारा खरा करंट बॅटरीवरून जाड तारेने, फ्यूजमधून, रिलेतून थेट दिव्याकडे जातो. शेतकरी गिऱ्हाइकाला हे समजावणं मला कधी जड गेलं नाही. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर सगळ्यांनी पाहिलेला असतो. हिरव्या बटणातून मोटारीचा सगळा करंट जात नाही. बटण कॉइलला सांगतं, कॉइल पट्टी ओढते आणि मोटार फिरते. गाडीच्या दिव्याला तोच स्टार्टर लहान करून बसवायचा, एवढंच.

पण लोकांना सोपा उपाय हवा असायचा, आणि सोपा उपाय म्हणजे मोठा बल्ब. मंठ्याचे एक खत-बियाणांचे व्यापारी होते. त्यांनी जीपला कुठूनसे दुप्पट वॅटचे बल्ब आणून टाकले. मी सांगितलं, "शेठ, तार तीच, स्विच तोच. ओझं दुप्पट टाकलंत तर कुठंतरी पेटंल." ते म्हणाले, "तुझं काम काढायला तू असंच म्हणणार." आठ-पंधरा दिवसांनी वाटूरच्या अलीकडे डॅशबोर्डखालून धूर निघाला. शेठनी टोपी काढून टोपीनेच जाळ विझवला. दुसऱ्या दिवशी जीप दोरीला बांधून दुकानात आली. वायरिंग वितळून एकजीव झालं होतं आणि शेठ अर्धवट जळलेली टोपी हातात धरून मला सांगत होते, "बल्बला मात्र काईबी झालं न्हाई बरं का. माल भारी होता."

परतूरकडचे एक जण रिले बसवून गेले आणि दोनच दिवसांत परत आले. म्हणाले, दिवा लावला की बॉनेटच्या आत काहीतरी 'टक' वाजतं, ते काढून द्या. मी म्हटलं, तोच रिले आहे, पॉइंट मिटल्याचा आवाज. त्यांना पटेना. घरच्यांना भीती वाटते म्हणाले. शेवटी मी त्यांना सांगितलं, आवाज येतोय तोवर बिनघोर राहा, ज्या दिवशी बंद होईल त्या दिवशी या. ते अजून आलेले नाहीत.

असे किस्से पुष्कळ आहेत, आणि ते सांगताना मला मजाही येते. पण मला खरं लिहायचं आहे ते टेंभुर्णीच्या आबांबद्दल.

आबांचं नाव किसनराव. जाफ्राबाद तालुक्यात टेंभुर्णीला त्यांची शेती, मोठं कुटुंब. तरुणपणी त्यांनी सरकारी लिलावातून एक पांढरी अँबॅसेडर घेतली. गावात पुढे जीपा आल्या, ट्रॅक्टर तर घरोघरी झाले, पण कार बरीच वर्षं ती एकच. ती आबांशिवाय कुणी चालवायची नाही. बाळंतपणाला अडलेली बाई, साप चावलेला माणूस, परीक्षेला एसटी चुकलेली पोरं, सगळ्यांना आबा नेत. आणि गावात एक रीतच पडून गेली होती. घरात लग्न ठरलं की अक्षता आधी देवाला, मग आबांच्या गाडीला. नवरीचा बाप येऊन बॉनेटवर चार तांदूळ ठेवायचा, म्हणजे गाडीला आमंत्रण पोचलं. मग नवरी कुणाचीही असो, कुठल्याही आळीतली असो, सासरी जायची ती आबांच्या गाडीत आणि आबांच्या हाताने.

नव्वदच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात ते पहिल्यांदा माझ्या दुकानात आले. सोबत गफूरभाई होते. गफूरभाई गाद्या भरण्याचं काम करत, आबांचे लहानपणापासूनचे दोस्त. आबा गाडी घेऊन निघाले की डाव्या बाजूच्या सीटवर गफूरभाई असायचेच.

"मिस्तरी, दिवे पार पिवळे पडले," आबा म्हणाले. "बॅटरी बदलली, बल्ब बदलले, आता काचा बी बदलल्या. काईच फरक न्हाई."

"कुणी बदलल्या?"

"ज्याला जे सुचलं त्यानं ते बदललं. आता तुला काय सुचतं ते तू बदल."

गफूरभाई खिडकीतून म्हणाले, "सब बदल्या मिस्तरी. अब एक डायव्हरच बाकी है."

"तू गप बस," आबा म्हणाले. "याला शिकवाया गेल्तो गाडी. नेऊन घातली उकिरड्यात. उलट मलाच म्हनतो, उकिरडा मधी कशाला ठेवला."

दोघं हसले, मीही हसलो. मग आबांनी खरं काम सांगितलं. नातीचं, रेखाचं लग्न ठरलं होतं. मुलगा वाटूरचा. लग्न टेंभुर्णीला, गोरज मुहूर्तावर. म्हणजे जेवणं-पाठवणी होऊन निघेपर्यंत अंधार पडणार, आणि जालन्यावरून वाटूरपर्यंतचा सगळा रस्ता दिव्यांच्या भरवशावर.

"आजवर लोकाच्या पोरी पोचवल्या," आबा म्हणाले. "माझी पोर मी दुसऱ्याच्या हातानं न्हाई पाठवायचो. मला दिवे झकास करून दे. खर्चाचं तू बोलूच नको."

मी मीटर लावलं. बॅटरीवर बरोबर, दिव्यावर दहाच्या आत. तार मूळची, रबर कडक होऊन तडकलेलं. अर्थचा, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेचा, जोड बॉडीवर गंजून गेलेला. माझ्या दृष्टीने रोग सापडला होता. आबांना स्टार्टरचं उदाहरण देऊन काम समजावलं. ते लक्ष देऊन ऐकत होते.

"म्हंजे मी नुसतं बोट लावायचं अन् वझं दुसऱ्यानं उचलायचं," ते म्हणाले. "ही तर पाटीलकीच झाली की रं!"

मी ते काम मन लावून केलं. दोन रिले, एक लांबच्या दिव्याला, एक जवळच्या. बॅटरीजवळ फ्यूज, तिथून जाड तार, प्रत्येक टोकाला थिंबल, म्हणजे तांब्याची टोपी, दाबून वर कथलाचा डाग दिलेला. दिव्यांना गंजलेल्या बॉडीवर न सोडता अर्थची स्वतंत्र तार थेट बॅटरीपर्यंत. जुना स्विच, जुना पायाचा डिपर तसाच ठेवला; आबांच्या पायाला तो सवयीचा होता. सगळ्या तारा जुन्या वायरिंगच्या कडेने बांधल्या, म्हणजे बॉनेट उघडलं तरी नवं काही केल्याचं चटकन कळू नये. आमच्या धंद्यात चांगल्या कामाची हीच खूण आहे.

दिवेलागणीला गाडी समोरच्या जिनिंगच्या भिंतीकडे तोंड करून उभी केली. स्विच ओढला, आत टक वाजलं आणि भिंत पांढरीफटक झाली. पलीकडच्या चहावाल्याने डोळ्यांवर हात धरून मला शिवी दिली. मी मीटर दिव्यावर लावलं. बॅटरीवर होते जवळपास तेवढेच व्होल्ट आता दिव्यापर्यंत पोचत होते.

"कसं काय आबा?"

आबा भिंतीकडे बघत राहिले. "बरं हाये," ते म्हणाले. "पर मला वाटलं व्हतं, लई पडंल."

मला ते लागलं. गफूरभाई भिंतीकडे न बघता आबांकडे बघत होते, हे मला आज आठवतं. तेव्हा मी तारा आवरत होतो.

आठवड्याभरात आबा परत आले. दिवे कमीच आहेत म्हणाले. मी बल्ब काढून नवे घातले, दिव्यांचा कोन बघितला, आतली चकाकणारी वाटी बघितली. काही निघालं नाही. त्या संध्याकाळी मी कागदावर शक्यता मांडल्या आणि एकेक तपासून खोडत गेलो. बॅटरी, डायनमो, तार, जोड, अर्थ, बल्ब, वाटी, काच, कोन. सगळी यादी खोडून झाली आणि दोष राहिलाच. बायको म्हणाली, "इतकं डोकं लावताय, एकदा त्यांच्यासंगं बसून तरी बघा." गाडी चालताना काही व्होल्ट पडत असतील, असं समजून मी ते ऐकलं.

लग्नाला थोडेच दिवस उरले होते. आबांना दुकानात बोलावलं आणि दिवस मावळता मावळता तिघं निघालो. आबा स्टिअरिंगवर, गफूरभाई डावीकडे, मी मागे, हातात मीटर, त्याच्या तारा पुढच्या खिडकीतून बॉनेटमध्ये सोडलेल्या. गाव मागे पडलं, रस्ता अंधारात शिरला. मीटरचा काटा हलत नव्हता. दिवे फर्स्ट क्लास होते. कडेचे बाभळीचे काटेसुद्धा दिसत होते.

गफूरभाईंची टकळी चालू होती. "पुलिया आली आबा... सायकलवाला, जरा बाजूसे... हां, बराबर... पुढं वळण हाये, डाव्या हाताला." मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची सवय. काही जण गाडीत बसले की शेजाऱ्याला गाडी शिकवतातच. मी मीटर बघत होतो.

वळण संपलं आणि मी गफूरभाईंना सहज विचारलं, "तुमच्याकडं पाऊस कसा झाला होता औंदा?" ते उत्तर द्यायला मागे वळले. त्यांच्या खांद्यावरून मला रस्त्यावर कपाशीची वाळकी पऱ्हाटी भरलेली बैलगाडी दिसत होती. मागे कंदील नाही, काही नाही, नुसता काळा ढीग; पण आमच्या दिव्यांत तिच्या चाकाच्या आऱ्यांपर्यंत सगळं लख्ख होतं. आबा वेग कमी करतील म्हणून मी वाट बघत होतो. त्यांनी केला नाही. गफूरभाई पावसाचं सांगत होते.

"आबा, गाडी!" मी ओरडलो.

आबांनी ब्रेक दाबला. गाडी फरफटत गेली आणि पऱ्हाटीच्या काड्या बॉनेटला घासल्या तेव्हा थांबली. मग ढिगाच्या पलीकडून गाडीवान खाली उतरून आला, डोळ्यांवर आडवा हात धरून.

"दिवा बारीक करा की वो!" तो ओरडला. "बैल बुजून राह्यले. डोळं फोडता का मानसाचं?"

आबांचा पाय डिपरवर गेला. बॉनेटखाली टक झालं, दिवे खाली उतरले. गाडीवान पुटपुटत परत गेला.

"बघ," आबा मला म्हणाले, मागे न वळता. "आता तरी पटलं का? दिवे कमीच हायेत. तुला तरी दिसली का ती, आधी?"

मला खोटं बोलता आलं असतं. मीटर हातात होतं, काटा जागेवर होता.

"दिसली आबा," मी म्हणालो. "वळण संपलं तवाच दिसली."

"मंग बोलला न्हाईस?"

"मला वाटलं, तुम्हाला दिसून राह्यली."

आबांनी इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले.

"गफूर, तुला?"

गफूरभाई पुढे बघत होते. "मैं तो रोजच बोलता ना आबा. पुलिया बोलता, सायकल बोलता..."

"कवापासून बोलून राह्यला?"

"दो बरस हुए."

"अन् मी समजायचो, तू बडबड्या हायेस."

"वो तो हूँच," गफूरभाई म्हणाले आणि उपरण्याने तोंड पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते.

आबांनी दार उघडलं. गाडीला हात लावत लावत पुढून फिरून डाव्या बाजूला आले. गफूरभाई उतरून मागे आले, मी स्टिअरिंगवर गेलो. आबा डाव्या सीटवर बसले. त्या गाडीत त्या जागेवर ते आयुष्यात पहिल्यांदा बसले असावेत, कारण दार लावायचं हँडल त्यांना सापडेना.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं आणि काचबिंदू सांगितला. त्यात कडेची नजर हळूहळू जाते, अंधारात तर फारच कमी दिसतं. दिवसा समोरचं दिसत राहतं म्हणून माणसाला कळत नाही. त्याला उजेडच कमी वाटतो. मी विचारलं, ऑपरेशन? डॉक्टर म्हणाले, आहे ती टिकवायचा प्रयत्न करू, थेंब आयुष्यभर घालावे लागतील. गेली ती परत येत नाही. दोन वर्षांपूर्वी आणलं असतं तर पुष्कळ वाचली असती.

बाहेर आल्यावर आबा पायऱ्यांवर बसले. "म्हंजे बॅटरी बदलली तवा यायला पाहिजे व्हतं," एवढंच म्हणाले.

त्या दोन वर्षांत किती जणांनी त्यांना उजेड विकला, ते मी मनात मोजलं नाही असं नाही. बॅटरीवाला, बल्बवाला, काचवाला, शेवटी मी. प्रत्येकाचा माल चांगला होता, कुणी फसवलं नाही. माझ्याकडे आले तेव्हा दिव्यावर व्होल्ट खरंच कमी होते, म्हणून तर मला शंका आली नाही. खरा दोष सापडला की माणूस पुढे शोधायचं थांबतो. आणि माझं काम चांगलं झालं नसतं, तर गोष्ट अजून काही दिवस जुन्या तारेवर ढकलता आली असती. तसं झालं नाही हे बरंच. तरी त्यांच्या हातातलं स्टिअरिंग माझ्या कामाने सुटलं, हेही मला विसरता येत नाही.

गावात गेलो तेव्हा आबांचा पुतण्या भेटला. त्याला मी जरा रागानेच विचारलं, इतक्या लोकांत एकालाही कसं कळलं नाही?

"कळलं व्हतं मिस्तरी," तो म्हणाला. "पर बोलावं कुनी? आबांनी गाडी सोडली असती तर अडलेल्या बाईला कुनी न्यायचं? गफूरचाचा संगं असायचे. चालून जायचं."

मला राग धरता येईना. त्याची पहिली मुलगी त्याच गाडीने दवाखान्यात पोचून जन्मली होती.

तेव्हापासून दिवे मंद पडल्याची तक्रार घेऊन कुणी आलं की मीटर उघडण्याआधी मी दोन गोष्टी विचारतो. दुसऱ्या कुणी ही गाडी रात्री चालवून बघितली का, आणि त्याला काय वाटलं. त्याला दिवे ठीक वाटले असतील तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन या म्हणतो. काही जण रागावून दुसऱ्या दुकानात जातात. एक जण तर म्हणाला, "तुला रिले बसवता येत न्हाई तर तसं सांग." त्यातले किती डॉक्टरकडे गेले, मला माहीत नाही. आता तर हा प्रश्न विचारायची वेळही क्वचित येते. नव्या गाड्यांत रिले कारखान्यातूनच बसून येतात आणि जुन्या भंगारात गेल्या. आबांची गाडी पुढे काही वर्षं गोठ्याशेजारी उभी होती. मी अधूनमधून जाऊन चालू करून यायचो. मुलांनी ती विकली तेव्हा मला विचारलं, रिले काढून घेतोस का? मी नको म्हणालो.

सांगायचं राहिलं ते लग्नाचं.

लग्नाच्या आदल्या दिवशी आबांचा निरोप आला, गाडी तू चालव. मी गेलो. गाडी धुऊन हार घालून उभी होती. बॉनेटवर तांदूळ ठेवायला या वेळी आबा स्वतः आले. ठेवून झाल्यावर मला म्हणाले, "तुला बी आमंत्रण हाये. ये आता."

गोरजावर लग्न लागलं, पंगती उठल्या, पाठवणी झाली. रेखा मागे बसली, तिच्या शेजारी तिची करवली आणि एका कोपऱ्यात अंग चोरून गफूरभाई. मला वाटलं होतं, आबा यायचे नाहीत. ते काठी घेऊन आले आणि डाव्या सीटवर बसले. रेखाचं रडणं थांबत नव्हतं. आबा मागे वळले नाहीत. गाडी गावाबाहेर आली तसे म्हणाले, "आता उताराला लाग. खाली नाला हाये, गियर बदल."

नाला होता. मी गियर बदलला.

"पुढं शाळा. संपली की खड्डा हाये उजवीकडं."

खड्डा होता. मी डावीकडून काढली. रस्त्यावर दिवे लख्ख पडले होते आणि मला सगळं दिसत होतं, पण मी काही बोललो नाही. मागे गफूरभाईही गप्प होते. आबा काचेतून समोर बघत एकेक सांगत होते, पूल, वस्ती, विहीर, वळण. इतक्या पोरी पोचवून तो रस्ता त्यांना तोंडपाठ झाला होता. रेखाचं रडणं हळूहळू कमी झालं. ती ऐकायला लागली असावी.

एका सरळ पट्ट्यावर आल्यावर आबा म्हणाले, "हितं हळू. डाव्या अंगाला मोठी चिंच हाये. फांदी पार रस्त्यावर आलीय. टपावर घासंल, नवरीची गाडी हाये."

रस्ता मोठा करताना तिथली सगळी झाडं तोडली होती. डावीकडे नांगरलेलं रान होतं, दिव्यांच्या उजेडात लांबपर्यंत मोकळं. आरशात बघितलं. गफूरभाईंनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

"हो आबा," मी म्हणालो आणि गाडी अगदी हळू करून उजव्या बाजूने काढली.